गैरहजेरीचं कारण

महेंद्रला त्या रविवारी एकच शब्द हवा होता. आजारी.

एवढ्याशा शब्दात त्याचं काय काय भागणार होतं, हे त्याची थोरली वहिनी आसावरी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता मनाशी मांडत होती. निवडणूक तोंडावर आली होती, म्हणजे तिकीट आलंच. त्याच्या आमदारकीच्या खुर्चीवर पक्षातलेच दोघे-तिघे रुमाल टाकून बसले होते. मग गाव. शीळफाट्याहून गावात वळताना लागणाऱ्या फलकावर महेंद्र हात जोडून उभा होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विस्तारित गावठाणासाठी सभागृहात मत देणारा आपला माणूस'. मत दिलं असतं तर शब्दाची गरजच पडली नसती. आणि आसावरीच्या मते सगळ्यात वजनदार लाभ वेगळाच होता. आवाज न चढवता आपलं घरात चालतं, हे व्याह्यांसमोर दिसणार होतं.

शब्द कृतिकाच्या हातात होता. कृतिका म्हणजे आसावरीची एकुलती एक मुलगी.

"कोलंबीत तिखट जपून टाकलंय हां, ताई," शालू म्हणाली. शालू महेंद्रची बायको, आसावरीची धाकटी जाऊ. "मागच्या वेळी तुमच्या व्याह्यांच्या डोळ्यांना धार लागलेली."

"अण्णा कोलंबी खात नाहीत गं. त्यांना वालाची उसळ."

"मंग रडले कनाला?"

"उसळही तूच केली होतीस."

शालू हसली नाही. नवरा बाहेर पाहुण्यांची वाट बघत येरझाऱ्या घालत होता आणि अशा दिवशी ती स्वतःला हसायची परवानगी देत नसे.

व्याही म्हणजे वर्तकनगरचे अण्णा. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि ज्या वयात माणसं भाजी निवडायला लागतात त्या वयात ते आमदार निवडायला लागले. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे आमदार सभागृहात किती येतात, काय प्रश्न विचारतात, कुठल्या बाजूने मत देतात, याची पुस्तिका त्यांचा गट निवडणुकीआधी काढत असे. मतांचं पान बहुधा रिकामंच राहायचं. विधेयकं 'होय' आणि 'नाही'च्या आरोळीवर पार पडतात. कोण काय ओरडलं ते त्या छताला ठाऊक. पण कधीतरी कोणी पोल मागतो, एकेकाचं मत मोजलं जातं, आणि नावं कार्यवाहीत उतरतात. अशी नावं हाती लागली की अण्णांच्या घरी कार्य असल्यासारखी लगबग चाले. कृतिका कॉलेजात असताना त्या गटात शिरली. तिथेच तिला साकेत, अण्णांचा मुलगा, भेटला; पुढे दोघांचं लग्न झालं. आता पुस्तिकेची संपादक तीच होती, आणि अण्णांपेक्षा कडक होती.

तिच्या साखरपुड्याच्या वर्षी, अर्थसंकल्पी अधिवेशनात, गावठाणांचं एक विधेयक आलं होतं. जुन्या हद्दीबाहेर वाढलेली घरंही कायम करा, अशी दुरुस्ती विरोधकांनी सुचवली. पोल झाला. दुरुस्ती थोडक्यात पडली. त्या पोलमध्ये महेंद्रच्या नावापुढे 'होय' नव्हतं आणि 'नाही'ही नव्हतं. नावच नव्हतं. हजेरीच्या वहीत मात्र सकाळची सही होती.

हद्दीबाहेरच्या घरांत एक घर आसावरीच्या भावाचं, उत्तमचं होतं. दोन गावं पलीकडे, बांधावर. ज्या घरातून आसावरी नवरी होऊन निघाली ते.

*

पानं वाढली तसा महेंद्रने विषय काढला. सभागृहात तो फारसा बोलत नसे, पण पंगतीत त्याच्यासारखा वक्ता नव्हता.

"अण्णासाहेब, भाकरी मऊ हाय ना? वहिनीच्या हातची. साकेत, तू लाजू नको रं, घे कोलंबी. बापाकडे बघू नको."

"मी लाजत नाहीये, काका, तिसऱ्यांदा घेतोय," साकेत म्हणाला.

"बरं, कृतिका. ते तुमच्या गटाचं पत्र आलंय मना. पोलला का नव्हता, कारण कळवा. किती रुबाबात लिवलंय गो! 'सन्माननीय सदस्य'! लहानपणी माझ्या खांद्यावर बसून केस ओढायचीस."

"सगळ्यांना तेच पत्र जातं, काका. तू जे कारण देशील ते शब्दाला शब्द छापणार."

"मंग छाप. प्रकृती बरी नव्हती. आजारी. झालं."

कृतिकाचा घास हातातच राहिला. "काका, तो बुधवार होता. माझा साखरपुडा होता त्या दिवशी. तू बाबांच्या जागी पाटावर बसला होतास. मला पेढा भरवत होतास. अर्ध्या डोंबिवलीने बघितलंय."

"आजारी माणूस पेढा भरवत नाय काय?"

साकेतला ठसका लागला. अण्णांनी त्याच्याकडे पाण्याचं भांडं सरकवलं आणि ताटातल्या वालाकडे बघत म्हणाले, "तसं पाहिलं तर, कृतिका, पोल तो एकच. एकाच्या मताने निकाल फिरलाही नसता. या खेपेला मतांचं पान जर आपण वगळलं..."

"अण्णा!" साकेत म्हणाला. "तुम्ही वगळा म्हणताय? तुम्ही? एका स्वल्पविरामावरून तुम्ही माझ्याशी आठवडाभर अबोला धरलेला."

"मी शक्यता मांडली."

आसावरी वाढता वाढता बघत होती. अण्णांचं गणित तिला कळायला वेळ लागला नाही. खरं कारण छापलं तर सगळ्या जिल्ह्याला दिसणार होतं की सन्माननीय सदस्य सभागृह सोडून बसले होते ते अण्णांच्याच घरच्या मांडवात. साखरपुड्याच्या फोटोत अण्णाही होते, आमदारांच्या उजव्या हाताला, फेट्यात. त्या दिवशी त्यांनी वर्तकनगरच्या चार मित्रांना मुद्दाम पुढे आणून ओळख करून दिली होती, 'आमचे व्याही, आमदार'. माणूस सरळ होता. पण सरळ माणसालाही फेटा बरा वाटतो.

"किंवा असं लिहू," अण्णा पुन्हा म्हणाले, "की पोल होणार हे साहेबांना ठाऊक नव्हतं. अचानक मागितला गेला."

"हां! तसं लिव," महेंद्र म्हणाला.

"नाही लिहिता येणार," कृतिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पोल होणार हे आठवडाभर आधी सगळ्यांना माहीत होतं. काकाच्या पक्षाचा व्हिप निघाला होता, दुरुस्तीच्या विरोधात मत द्या म्हणून. तेव्हा पेपरात आलेलं, आम्ही कात्रण ठेवलंय."

मग महेंद्रने मान हलवली आणि त्याचा सभेतला आवाज आला, तळातून येणारा.

"व्हता माहीत. खोटं कनाला बोलू? पण वहिनीचा फोन आला. भावजी, तुमी नाय आलात तर पोरीच्या बापाच्या पाटावर कोण बसणार? गोविंदादादा असता तर मना कोणी विचारला नसता. पण नव्हता ना तो. मंग कसला पोल नि कसला काय. तसाच निघालो."

कृतिकाचे डोळे भरले. आसावरीलाही तो फोन आठवला. दुपार टळत आलेली, हॉलच्या मागच्या खोलीत ती एका हाताने पदर सावरत फोन धरून उभी. मग गाडी आली, सगळे उठून उभे राहिले, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं की आपल्यामागे कोणीतरी आहे. त्या एका दुपारसाठी ती या घरात किती वर्षं न कुरकुरता राबली होती आणि अजून किती राबायला तयार होती, हे तिलाच ठाऊक.

ती भाकऱ्या आणायला आत गेली.

*

"फोनचं कौतुक मना सांगू नका," शालू चुलीपाशी पुटपुटत होती. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं. "माझ्या माहेरचं एक माणूस नव्हतं त्या साखरपुड्याला. भाऊ कामावर, भावजय शाळेत. बुधवारी कोण येणार? अजून टोमणे खाते मी. रविवारचा हॉल धरलेला, ताई, आठवतंय ना? चांगला रविवार. यांनी फोन करून फिरवला. बुधवार करा म्हणाले."

आसावरीच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती तशीच राहिली.

"भावजींनी? मला तर हॉलवाल्यानेच फिरवला म्हणून सांगितलेलं. कधी?"

"आदल्या आठवड्यात. मुंबईवरून आले नि बूटही काढले नाय, पयला हॉलवाल्याला फोन. म्हणे रविवारी पुण्याला जायाचा हाय, बुधवारी सभागृहात काय काम नाय. भाकरी करपतेय, ताई."

आसावरीने भाकरी उलटली. आदल्या आठवड्यात व्हिप निघाला. आदल्याच आठवड्यात रविवारचा बुधवार झाला. बेरीज करायला बोटं लागणार नव्हती. पोलला हजर राहून पक्षाचं ऐकलं असतं तर गाव गेलं असतं, गावाचं ऐकलं असतं तर पक्ष. घरात मंगलकार्य असलेल्या माणसाला मात्र दोन्हीकडून माफी होती. पोरीचा साखरपुडा म्हणून तो पोल टाकून आला नव्हता. पोल आहे म्हणून साखरपुडा त्या दिवशी आला होता.

आणि आपण फोनवर रडलो, तिच्या मनात आलं. केवढं रडलो.

*

महेंद्र हात धुवायला मागच्या नळावर आला तेव्हा ती तिथे भांडी विसळत होती. विसळायची वेळ नव्हती, पण कोणी विचारलं नाही.

"भावजी, रविवारचा बुधवार का केलात?"

तो हात धूतच राहिला. "पुण्याला जायाचं व्हतं."

"गेलात?"

"वहिनी, तुमी पन आता नोंदी ठेवायला लागलात काय?"

"मी भाकऱ्या मोजते फक्त. गेलात का पुण्याला?"

नळ बंद झाला. आत साकेत कशावरून तरी मोठ्याने हसत होता.

"नाय," महेंद्र म्हणाला. मग ओले हात झटकून तिच्याकडे वळला. फलकावर दिसायचा त्याहून तो खूप म्हातारा दिसत होता. "दोन्हीकडून मार व्हता, वहिनी. दुसरा काय करनार व्हतो? घरचं कार्य हाय म्हटल्यावर पक्षातले साहेब बोलले, जा. गावात नुसता सांगितला, मत दिलं. कोण बघायला जातंय सभागृहात? तो जाडा अहवाल कोण वाचतंय? आपल्याच घरातली पोर वाचंल हे मना काय ठाव!"

"आणि माझा फोन?"

"तो येनारच व्हता."

"नसता आला तर?"

"शालूला करायला लावला असता." तो थांबला. "पन पाटावर बसलो तवा दादाची आठवण आली मना. ती खोटी नव्हती. देवाशप्पत."

आसावरीला ते खरं वाटलं. त्याचाच तिला जास्त शीण आला. माणूस पुरता लबाड असता तर काम सोपं झालं असतं.

"उत्तमचं घर त्या दुरुस्तीत होतं, भावजी."

"माझ्या एकट्याच्या मताने काय झालं असतं?"

"जे जे आले नाहीत, ते सगळे घरी हेच सांगत असतील."

महेंद्र आत जायला वळला.

"ऐका," ती म्हणाली. पातेलं तिने पालथं घातलं. "आत जा आणि कृतिकाला सांगा, आजारी लिहू नको. साखरपुड्याला होतो, ते लिही. बाकी तारीख कोणी फिरवली, ते मी बोलणार नाही. शालूला त्यातलं काही कळलेलं नाही."

"नि मी आजारीच बोललो तर?"

"तर मी जेवणाच्या पानावर सांगेन. मग तुमचं तिकीट जाईल की राहील, मला ठाऊक नाही. पण तिचा काका जाईल. बाप एकदा गेलाय तिचा. दुसऱ्यांदा न्यायचा की नाही, तुम्ही बघा."

महेंद्रने खांद्यावरच्या नॅपकिनला हात पुसले. मग एकाएकी त्याला हसू आलं, थकलेलं, कौतुकाचं.

"निवडणुकीला तुमीच उभं रायला पायजे व्हतं, वहिनी."

"मला सही करून पळून जायला जमलं नसतं."

*

तो पानावर परत बसला तेव्हा त्याचा आवाज पुन्हा तळातून आला, आणि या खेपेला आसावरीलाही कळेना की त्यात किती खरं आहे.

"कृतिका, ते आजारी खोडून टाक गो. मी तुला खोटं लिवायला सांगितलं, चुकलो. लिव, पुतणीच्या साखरपुड्याला होतो म्हणून गैरहजर. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे."

कृतिका उठली आणि खरकट्या हातानेच त्याच्या पाया पडली. शालू दारात उभी राहून डोळे पुसू लागली. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, पण घरात कोणी पाया पडलं की ती पुसत असे.

"थांब," अण्णा म्हणाले. शेवटी ते नागरिकशास्त्राचे मास्तर होते. "पुतणी असं छापलंस की लोक विचारणार, कोणाची? आणि संपादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे. नात्यातल्या माणसाची नोंद ज्याच्या हातून जाते त्याने गटातून बाहेर पडायचं. हा नियम..."

"मीच लिहिलाय, अण्णा. माहीत आहे मला."

"म्हणजे तू..."

"पुस्तिका छापून झाली की जाते."

साकेत ताटातून वर बघून म्हणाला, "आणि तुम्ही, अण्णा? तुमचे पण व्याही आहेत."

अण्णांनी बराच विचार केला. "नियमात व्याही हा शब्द नाही," ते म्हणाले.

"मग घालूया ना."

"पुढच्या खेपेला," अण्णा म्हणाले आणि ताक मागितलं.

*

पुस्तिका निघाली. विरोधकांनी ते पान मोठं करून चौकाचौकात लावलं, आमदार मत द्यायचं सोडून पेढे वाटत होते म्हणून. महेंद्रने गावदेवीच्या मैदानात सभा घेतली. हो, नव्हतो मी, तो म्हणाला, मत दिलं असं तुम्हाला सांगितलं तेही खोटं सांगितलं, काय शिक्षा द्यायची ती द्या. पण बापाविना पोरीच्या पाटावर बसायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आसावरी बायकांत बसली होती. उत्तम पुरुषांच्या गर्दीत कडेला उभा होता आणि त्याचे दोन्ही हात वाजत होते.

महेंद्रला तिकीट मिळालं. फलकावरची जुनी ओळ पुसून 'घरचा माणूस' अशी नवी आली. अण्णांचा गट राहिला, फेटाही राहिला. कृतिकाने मुखपृष्ठावरचं नाव सोडलं, इतक्या वर्षांचं काम सोडलं, आणि ते सोडताना तिला जड गेलं तरी अभिमानच वाटला. काकासारखं खरं बोलायचं, तर काहीतरी द्यावं लागतंच, असं ती साकेतला म्हणाली.

पावसाळ्यानंतर उत्तमच्या दारावर नोटीस लागली. हद्दीबाहेरचं बांधकाम स्वतःहून काढून घ्यावं. महेंद्र स्वतः भेटून आला, साहेबांना फोन लावतो म्हणाला. उत्तमने त्याला चहा पाजला आणि तुम्ही आलात हेच खूप म्हणून फाटकापर्यंत सोडलं. मग त्याने मागच्या खोलीची कौलं उतरवायला घेतली.

दिवाळीत कृतिका माहेरी आली तेव्हा आसावरी सामान आवरत होती. उत्तमची बायको आणि मुलं काही दिवस इथे राहायला यायची होती, माळ्यावरच्या खोलीत.

"आई," कृतिका तिच्या शेजारी बसून म्हणाली, "मामाचं वाईट वाटतं गं. पण काकाचं मला कळतं. सगळी आमदारकी एका बाजूला ठेवून तो माणूस माझ्यासाठी आला होता ना?"

आसावरीने चादरीची घडी नीट केली. कृतिकाकडून हिरावून घ्यायचं राहिलं होतं ते एवढंच होतं.

"हो," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच."